हुंकारावर ठोकलेली खुंटी

मी खुंटी बोलतेय. हो, लाल डोक्याची, काठावर उभी आहे ती. बसा जरा माझ्यापाशी.

सुताराने मला तासलं, टोक काढलं आणि माझं डोकं रंगात बुडवलं. माझं काम एकच. धरण भरलं की पाणी कुठवर चढेल, ते दाखवायचं. वीज देणारं हे मोठं धरण सरकार आणि नदीकाठचे मूळ रहिवासी मिळून बांधणार होते. मालकी निम्मी-निम्मी. वस्तीच्या होकाराशिवाय दगडही हलणार नव्हता.

इंजिनियर बाई टेकडीवर नकाशा पसरून समजावत होत्या. वस्तीचे म्हातारे प्रमुख, तात्या, प्रत्येक वाक्याला म्हणायचे, "हूं." बाई खूश! लगेच मला तिथे ठोकलं. डोक्यावर घण बसत होता, तरी मी आपली फुशारकीत.

संध्याकाळी तात्या एकटेच आले. माझ्या खालच्या उतारावर दगडांची एक रास होती. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "विचारतील तेव्हा सांगू म्हटलं, तर त्यांनी खुंटीच ठोकली गं." ती त्यांच्या बायकोची समाधी होती. माझ्यापर्यंत पाणी चढलं की ती बुडणार! ‘मला उपटा!’ असं ओरडावंसं वाटलं. पण खुंटीचं ऐकतो कोण?

बाईंना मात्र खुंटा हलवून बळकट करायची सवय. काम सुरू होण्याआधी त्या पुन्हा आल्या.

"तात्या, नक्की ना? तुम्ही हो म्हणालात म्हणून..."

"मी कधी हो म्हणालो?"

"अहो, सारखं हूं हूं करत होतात की!"

"ते होय! बोलणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून हूं म्हणतो आम्ही. उत्तर विचारल्यावर देतो. तुम्ही विचारलंच कुठे?"

हुंकाराला होकार समजून मला ठोकलं होतं! बाईंनी कपाळावर हात मारला आणि खालीच बसल्या. "चुकलंच माझं. आता विचारते." तात्यांनी राशीकडे बोट दाखवलं.

मग बैठकांवर बैठका झाल्या, आवाज चढले. शेवटी वीज थोडी कमी मिळाली तरी चालेल, पण धरणाची उंची घटवायची, असं दोन्ही बाजूंनी मिळून ठरवलं. मला उपटून राशीच्या खालच्या उतारावर रोवलं. उपटताना अंग ठणकलं, पण इतकं हायसं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता माझा रंग उडालाय, डोकं चेचलंय. तरी सरपण म्हणून मला नेऊ नका, एवढीच विनंती. मला इथेच राहायचंय.

यंदा धरण पहिल्यांदा भरलं. पाणी चढत चढत माझ्या पायाशी आलं आणि थांबलं. तात्या काठी टेकत आले, राशीपाशी बसले. मग हसून बायकोला म्हणाले, "बघ, नदी दारात आली तुझ्या. आता पाण्याला लांब जायला नको."