मागून आणलेलं झबलं

खरं सांगू का, मले आता कोनाशी भांडाची बी ताकद राह्यली नाही. दिवसभर मशीन, घरी गेली का चूल, अन् लेकराले दात येऊन राह्यले त्याच्यानं झोपेचं खोबरं. म्हनून एका संध्याकाळी शगुफ्ता आपा म्हनली का उद्या पुन्याच्या मॅडम येऊन राह्यल्या, तुह्या पोराचा व्हिडिओ काढनार हायेत, तं मी नुसतं "बरं" म्हनलं. पुरतं आयकलं बी नाही. आयकलं असतं तं दुसऱ्या दिवशी पोराले घेऊन आलीच नसती.

आपाचं शिलाई केंद्र पांढरकवड्यात हायवेच्या अंगालेच हाय. खाली तिच्या नवऱ्याचं ट्रकाचं गॅरेज, वर आम्ही बाया. खाली टायर अन् ग्रीस, वर लहान लेकराईचे लंगोट, झबले, दुपटे. पुन्याची एक कंपनी हाय, तिचं काम करतो आम्ही. कापूस बिनफवारनीचा, रंग पळसाच्या फुलाचा, बटन प्लास्टिकचं नाही, करवंटीचं. पाकिटावर हिरवं पान छापलेलं. मोठ्या शहरातल्या आया फोनमधी पाहून घेतात. डायपरनं लेकराचं बूड लाल होते, कचऱ्याचे डोंगर होतात, म्हनून हे चांगलं. चांगलं हायच, मी कायले नाही म्हनू. कापड इतकं मऊ का हात फिरवत बसावं वाटते. पन हे लंगोट धुनार कोन, थे काही पाकिटावर लिहून नसते. असन एखादी संगीता तिकडंही.

संगीता म्हंजे मी. आमचा तांडा इथून जवळच हाय, तिथून ऑटो भेटला का मी येऊन जाते. माहा नवरा भारत ट्रक चालवते, हैदराबादकडं गेला का त्याचा पत्ता त्याच्या फोनलेच माहीत. लेकराले ठेवावं कोनाजवळ? सासूचे गुडघे गेले, लेकरू आता रांगते, तिच्याच्यानं त्याच्या मांगं पळनं होत नाही. म्हनून मी त्याले संग आनते, मशीनच्या बाजूले झोळी बांधते.

त्याचं नाव उकंडा, म्हंजे उकिरडा. कागदावर ओम लिहिलं हाय, पन थे नाव आम्ही घेत नाही. त्याच्या आंधी माही दोन लेकरं गेली. पहिली पोरगी, मंग पोरगा. डॉक्टरनं दोघाईचं वेगवेगळं कारन सांगितलं, मले दोन्ही समजले नाही. तिसऱ्याच्या वेळी माही सासू बिजलीबाई, आम्ही तिले याडी म्हनतो, तिनं सारं आपल्या हातात घेतलं. लेकरू झालं तसं तिनं त्याले उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारनीनं उचललं, अन् याडीनं पसाभर जवारी देऊन तिच्यापासून इकत घेतलं. म्हंजे हे लेकरू आमचं नाही, उकिरड्यावर सापडलेलं हाय, असं ज्याले समजाचं त्याले समजावं. अन् दुसरं असं, का जावळ होईपर्यंत त्याच्या अंगाले नवं सूत लागू द्याचं नाही. लोकाच्या घरून जुनं मागाचं अन् थेच घालाचं. नवं घातलं का मायबापाचं लाडाचं लेकरू हाय हे उघडं पडते. मी दहावीपर्यंत शिकली हाय. माहा भरोसा हाय का नाही, मले इचारू नोका. मले दोनदा रिकाम्या पाळन्याजवळ बसा लागलं, आता मी सारंच करते. लशी बी टोचते अन् चिंध्या बी मागते.

पहिलं झबलं मले आपानंच देल्लं, तिच्या कशफचं. पोरगी आता कॉलेजात जाते, पन आपानं जपून ठेवलतं. टोपडं कळंबच्या एका मास्तरनीचं, दुपटं केळापूरच्या एका म्हातारीच्या लुगड्याचं. जात-पात पाहाची नाही, उलट परक्या घरचं असलं तं जास्त बरं. पहिल्यांदा मागाले गेली तं शरमेनं मेल्यासारखं झालतं. मंग सवय झाली. बायाईले सांगा लागत नाही, दारात लेकरू घेऊन उभी राह्यली का त्याईले समजते.

तं मॅडम आल्या. अर्पिता मॅडम. चांगल्या हायेत, उगीच खोटं कायले बोलू. चपला बाहेर काढल्या, आमच्यासंगं सतरंजीवर बसल्या, गॅरेजच्या कपात चहा पेल्या. उकंड्याले उचलून घेतलं, त्यानं त्याईच्या चश्म्याले हात घातला तं हसल्या. बोलता बोलता सांगितलं का कंपनीले आता एकच केंद्र ठेवाचं हाय, एक तं आमचं नाही तं नागपूरवालं. ज्या केंद्राचं काम लोकाईले आवडन, थे राहीन. म्हनून व्हिडिओ. मंग त्याईनं पिशवीतून नवा जोड काढला. पिवळंधम्मक झबलं, लंगोट, टोपडं, करवंटीची बटनं. मीच शिवलेलं होतं, माही टीप मले ओळखू येते.

"हे संगीताताईंच्या हातचं, आणि त्यांच्याच बाळाच्या अंगावर," त्या म्हनल्या. "यापेक्षा मोठी जाहिरात नाही. घाला बरं त्याला."

तवा माह्या डोक्यात शिरलं का आपा काल काय म्हनत होती.

मी म्हनलं, नाही जी, त्याले हे नाही चालत. त्या म्हनल्या का नाही चालत, अंगावर पुरळ येतं का? मी म्हनलं नाही, त्याले मागलेलेच कपडे घालतो आम्ही.

आता पाहा, बोलीबोलीचा फेर. मी म्हनलं मागलेले, त्याईनं आयकलं मागवलेले.

त्या म्हनल्या, कुठून मागवता? मले वाटलं कोनाच्या घरून थे इचारून राह्यल्या. मी म्हनलं, कुठूनही, जी. कळंबहून, केळापुराहून, जिथून भेटन तिथून. त्या म्हनल्या, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे? मी म्हनलं कंपनी आपल्याले माहीत नाही, पसंत-नापसंत करता येत नाही, भेटन थे घ्या लागते. त्याईनं इचारलं, अन् इथं शिवलेलं? इथलं तं बिलकुलच नाही चालत, मी म्हनलं, घरचं चालतच नाही.

त्याईचा चेहरा पडला. रागावल्या नाही, रागावल्या असत्या तं बरं झालं असतं. त्या म्हनल्या का तुम्ही स्वतः हे शिवता अन् स्वतःच्या बाळाला बाहेरून मागवून घालता, मग मी इतर आयांना कोणत्या तोंडानं सांगू? अन् नवा जोड हळूच घडी करून मांडीवर ठेवला. साऱ्या मशीनी थांबल्या. बाया माह्याकडं पाहून राह्यल्या. त्याईचं काय चुकलं, त्याईच्या बी चुली हायेत.

आपानं मले दाराजवळ नेलं. तिले सारं माहीत होतं, तिच्याच हातचं पहिलं झबलं. पन तिचे डोये बी माह्यासारखेच, रातभर न झोपलेले. हे केंद्र उभं कराले तिनं सासऱ्याचे बोलने खाल्ले होते.

"दोन मिनिट घाल वं," थे म्हनली. "फोटो निघाला का काढून टाक. कोन देख रहा है?"

मी म्हनलं, "आपा, ज्याच्यापासून लपवला हाय, थेच पाहून राह्यलं असन."

तिनं मान खाली घातली. जबरदस्ती नाही केली. म्हनली तुहं लेकरू, तुही मर्जी. आता असं म्हनलं का मानसाले जास्त जड जाते. वरडली असती तं मी बी वरडली असती, अन् सुटली असती.

मी परत आली. झबलं हातात घेतलं. खरंच घेतलं. मनात म्हनलं, संगीता, कापडच हाय वं, तूच तं शिवलं. उकंड्याले मांडीवर घेतलं, कशफचं जुनं झबलं काढलं. थो उघडा होऊन खुश, पाय झाडून राह्यला. नव्या झबल्याची बाही त्याच्या हातापर्यंत नेली. त्यानं मूठ आवळली अन् हात मांगं घेतला, लेकरं घेतात तसा. अन् माह्यानं पुढं नाही झालं. नाही म्हंजे नाहीच झालं. साऱ्या बायाईचं काम माह्या डोक्यावर होतं, तरी नाही झालं.

मंग मी सांगितलं. "मागवलेले नाही जी, मागलेले. दारोदार जाऊन मागलेले. भिकारी मागते तसे." अन् मंग सारंच सांगत गेली. पोरीचं, पोराचं, उकिरड्याचं, जवारीचं. सांगताना रडू नाही आलं, थे कवाचंच आटलं. सांगून झाल्यावर उलट अंगातली होती नव्हती ताकद गेल्यासारखं वाटलं.

मॅडमचे डोये भरून आलते, खोटे नाही. त्याईनं स्वतःच जुनं झबलं उचलून माह्या हातात देल्लं अन् म्हनल्या माफ करा, मला कळलंच नाही. मी त्याले परत घालून देल्लं. आपानं सुस्कारा टाकला. एकीनं मशीन बी सुरू केली. मले वाटलं, चला, सुटलो.

पन मॅडम एकाएकी उजळल्या. अहो, हे तर फारच सुंदर आहे, म्हनल्या. जुनं वापरायचं, काही वाया घालवायचं नाही, हाच तर खरा शाश्वत विचार. शहरातल्या आयांना हे आम्ही आज शिकवतो, आणि तुमच्याकडे ही परंपराच आहे. नवं राहू द्या. जुन्यातच काढू. पृथ्वी वाचवणारी आई, असं नाव देऊ.

आपानं माह्याकडं पाह्यलं, मी आपाकडं. नवं घालाचं नाही म्हनल्यावर आता नाही म्हनाले तोंड कुठं होतं?

मले खिडकीजवळ बसवलं. उजेड चांगला पडते म्हने. उकंड्याले मांडीवर उभं केलं. त्याईनं सांगितलं का दोन वाक्यं बोलाची, बस. माझं बाळ फक्त जुने, दुसऱ्यांचे कपडे घालतं. हे आम्ही करतो आमच्या धरतीमातेसाठी. पहिल्या लेकराईचं बोलू नोका, थे दुःखाचं हाय, आया घाबरतीन. प्रेमानं सांगितलं, हात धरून सांगितलं.

पहिल्यांदा मी पहिलं वाक्य बोलली अन् थांबली. त्या म्हनल्या काही हरकत नाही, पुन्हा. दुसऱ्यांदा बी थांबली. त्या म्हनल्या, फक्त शेवटचं राहिलं, धरतीमातेसाठी, एवढंच म्हणा, संगीताताई. मी इतकी थकलती का काहीही म्हनाले तयार होती. म्हना म्हनल्या असत्या का मी राजाची रानी हाय, तं थेही म्हनलं असतं. फोन माह्या तोंडासमोर होता.

"माहं लेकरू जुने कपडे घालते," मी म्हनलं, "थे धरतीसाठी नाही जी. धरतीले मी दोन देल्ले. हा तिले दिसू नाही म्हनून."

मॅडमच्या हातातला फोन हळूहळू खाली आला. खाली गॅरेजात कोनीतरी चाकाच्या रिंगीवर हातोडा मारत होतं. त्या म्हनल्या, हे काढून टाकते. मी म्हनलं, टाका, अन् त्याचं तोंड दिसते थे सारंच काढून टाका.

केंद्राचं काय होईन थे होईन. मी उकंड्याच्या तोंडावरून पदर घेतला, अन् भितीले पाठ टेकून त्याले पाजाले बसली.