शनिवारचा बांबू

कोयत्याची पाठ बांबूच्या साकवाच्या खांबावर आपटली, पण ‘टण्’ असा आवाज काही आला नाही. आला तो ‘ढप’. घनकांतने पुन्हा आपटली. पुन्हा ढप. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्याने पाण्याच्या रेषेजवळ नख लावलं, तर नख भिजल्या पुठ्ठ्यात शिरावं तसं आत गेलं. आत पांढरे, सुतासारखे धागे पसरले होते. बुरशी.

“घनदा, सकाळपासून तिसऱ्यांदा उतरलात पाण्यात,” काठावरून शेजारचा लंबोदर ओरडला. “माशांकडे सोयरीक जुळवताय की काय?”

घनकांत हसला नाही. सोयरीक लंबोदरच्याच घरी होती. सोमवारी त्याच्या मुलीचं, जोनमोनीचं लग्न. वराकडची तीस-चाळीस माणसं ढोल वाजवत, नाचत, याच साकवावरून गावात येणार होती. आज शुक्रवार.

ब्रह्मपुत्रेच्या या काठच्या गावांत बांबूच्या बाबतीत घनकांतचा शब्द शेवटचा. बांबू तीन वर्षांचा हवा, कृष्णपक्षात तोडलेला हवा, मंगळवारी-शनिवारी त्याला कोयता लावायचा नाही. आणि पावसाळ्यात तर नाहीच, तेव्हा तो रसाने तट्ट भरलेला असतो. तोडला की परसातल्या तळ्यात तीन आठवडे दगडाखाली बुडवायचा. त्याच्या अंगातली साखर पाण्यात उतरते, मग बुरशीला खायला काही उरत नाही. तळं मात्र असं घाण मारतं की वाटेने जाणारा नाक दाबून पळतो. त्याची बायको तरुलता दरवर्षी कपड्यांची दोरी सोडून पुढच्या दारी बांधायची आणि म्हणायची, “साकव गावाचा, वास माझा!” कुणी घाईत हिरवा बांबू रोवला की घनकांत चारचौघांत त्याची खिल्ली उडवायचा. “हा बांबू नाही रे, भाजी आहे. मीठ लाव आणि खा.”

आणि आता त्याच्याच साकवाचे आठपैकी पाच खांब ढप वाजत होते.

तो घरी गेला, चहा ठेवला, न पिताच ओतून दिला. पुन्हा साकवावर आला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला, मध्ये थांबून उड्या मारून पाहिल्या. साकव नुसता कुरकुरला. एकेकटं माणूस जाईल अजून महिनाभर. पण चाळीस माणसं, ढोल, नाच? कुणाला कळलंय, असं मन म्हणत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. लगेच दुसरं मन म्हणत होतं, आणि ती मूठ सोमवारी पाण्यात उघडली तर?

दुपारी तो लंबोदरच्या अंगणात शिरला. मांडव चालला होता. लंबोदरची आई, फुलेश्वरी खुडी, म्हणजे साऱ्या गावाची काकू, पाटावर बसून सुपारी कातरत होती.

“साकव उतरवायचाय,” घनकांत उभ्या उभ्याच म्हणाला. “आजच.”

लंबोदरच्या हातची सुतळी गळून पडली. “थट्टा करताय का? सोमवारी वऱ्हाड आहे!”

“म्हणूनच. खांब आतून कुजलेत.”

“मग आज आठ हिरवे तोडा ना, उद्या ठोका. चार दिवस टिकले की झालं!”

“हिरव्यानेच तर घात केला.” घनकांतचा आवाज चढला आणि मध्येच बसला. “हे खांब मी भाद्रपदात तोडले, लंबोदर. भर पावसात. तेही शनिवारी. तळ्यात एक दिवससुद्धा घातले नाहीत. जगाला शिकवत फिरलो आणि स्वतः...”

दीड वर्षापूर्वी पुराने जुना साकव नेला, त्याच आठवड्यात तरुलताचं पोट आजाराने फुगलं. नावेत तिला उलट्या व्हायच्या. इस्पितळात न्यायला पलीकडच्या रस्त्यावर गाडी उभी राहणार होती. त्याने दोन दिवसांत साकव उभा केला. मधोमध आल्यावर ती कठडा धरून थांबली होती. “अहो, हलतोय हो.” तो म्हणाला होता, “मी बांधलाय तो. चल.” ती चालली. महिन्याने त्याच साकवावरून तिला परत आणलं, तेव्हा चालत होते ते खांदेकरी.

लंबोदर उगाच सुतळीची गाठ सोडवत बसला. अडकित्ता तेवढा वाजत होता.

“झालं सांगून?” खुडी म्हणाली. “बस आता. सुपारी घे.”

“खुडी, तुला कळलं का मी काय म्हणालो?”

“तू आज म्हणालास. आम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

“कसं?”

“अरे घन, त्या वर्षी तुझ्या तळ्याला वास कुठे आला?”

घनकांत खाली बसला.

“सगळ्या गावाला ठाऊक होतं,” खुडी पुन्हा कातरायला लागली. “पोरांनासुद्धा सांगून ठेवलं होतं, एकेकटे जा, धावू नका. तरूसाठी बांधलेला साकव. त्याला नावं कोण ठेवणार?”

घनकांतने सुपारी तोंडात टाकली. ती चावायला त्याला फार वेळ लागला. डोळे भरून आले होते, ते त्याने पुसले नाहीत.

“म्हणजे जावई माझा केळीच्या तराफ्यावरून येणार,” लंबोदर शेवटी म्हणाला. “व्याही जन्मभर ऐकवतील.”

“ढोलकऱ्यांना नावेत बसव,” खुडी म्हणाली. “बुडाले तर निदान थोडी शांतता मिळेल.”

संध्याकाळपर्यंत घनकांतने साकव स्वतःच्या हाताने उतरवला. मदतीला आलेल्यांना काठावरच थांबवलं. तरुलताने धरलेली कठड्याची पेरं तेवढी ढप वाजली नाहीत. पाण्यापासून वर होती ती, कोरडी. ती तोडताना त्याचा हात दोनदा थांबला. मग तोडली आणि इतर बांबूंबरोबरच ढिगावर टाकली.

लग्न तराफ्यांवरून पार पडलं. पुढच्या कृष्णपक्षात, एका गुरुवारी, त्याने नवे बांबू तोडले आणि तळ्यात दगडाखाली बुडवले. दहाव्या दिवशी पाणी काळं पडलं. पंधराव्या दिवशी वास सुटला, चांगला दणदणीत. वाटेने जाणारी माणसं नाक न दाबता जात होती. काही तर मुद्दाम थांबून म्हणत, “आला की हो वास, घनदा!”

घनकांतने परसातली दोरी सोडली आणि पुढच्या दारी नेऊन बांधली, नीट ताणून, तरुलता बांधायची तशी. त्यावर वाळत घालायला त्याच्याकडे एकच गमछा होता.