दोघींच्या नावाचा लॉकर

बँक बुडाली ती बुडाली, पण धाकटीची झोप उडाली ती लॉकरपायी. धाकटी म्हणजे सत्तरीची हं! आता कुणी म्हणेल, लॉकरमधलं काही बुडत नाही, सुखरूप परत मिळतं. तेच तर! परत मिळणार, याचीच तिला धास्ती.

आत होता सासूबाईंचा एकुलता एक हार. तो मलाच द्यायचं कबूल केलं होतं, असं थोरली जाऊ म्हणे, आणि धाकटीही तेच म्हणे. सासूबाई दोघींना हो म्हणून मोकळ्या झालेल्या! भांडण इतकं विकोपाला गेलं की घरं वेगळी झाली, जाणंयेणं तुटलं. शेवटी हार लॉकरमध्ये गेला, दोघींच्या नावाने. दोघी आल्याशिवाय उघडायचा नाही. तेव्हापासून दर वर्षी दोघी यायच्या, हार जागेवर आहे ना ते बघायला. विश्वास कुठे होता एकमेकींवर! मग समोरच्या हॉटेलात फुगलेल्या तोंडाने चहा. नवरे गेल्यावर धाकटीला आपलं म्हणावं असं थोरलीशिवाय कुणी उरलं नव्हतं. हे ती मेली तरी बोलून दाखवणार नव्हती.

बँकेत नुसती दैना. खुर्च्यांवर लिलावाचे नंबर, पंखे उतरवलेले. बँकेचा गाशा गुंडाळायला सरकारने एक साहेब बसवला होता, अवसायक म्हणत त्याला. तो घाम पुसत म्हणाला, "आजी, हार कुणाच्या ताब्यात देऊ?"

धाकटी शेजारी उभ्या थोरलीकडे वळली. "ताई, तुम्हीच न्या."

थोरली भडकलीच. "वा गं वा! मी नेऊ? म्हणजे पुढच्या वर्षी तू यायला नको! बरी सुटका करून घेतेस!"

"अहो, मी तर..."

"गप्प बस. साहेब, पलीकडच्या बँकेत लॉकर मिळतो ना? दोघींच्या नावाने?"

"मिळेल की. पण भांडण मिटलं ना आता?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?" थोरलीने हार रुमालात बांधला आणि रुमालाचं एक टोक धाकटीच्या हातात दिलं. "नीट धर. आणि हार माझा आहे, लक्षात ठेव."

"माझा आहे," धाकटी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

"रडतेस काय चारचौघांत! चल, आधी चहा घेऊ."

रुमाल दोघींनी धरलेलाच होता. तशाच त्या रस्ता ओलांडून गेल्या.