एकट्याचं पत्र

लष्करातून निवृत्त झालेले हवालदार सहादू साळवे यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा ते भंडारदऱ्याकडून नगरला डायलिसिसला जात. एसटीनं जायला पाच तास, यायला पाच. वाटेत संगमनेरला एका दवाखान्यात मशिनं होती. पण माजी सैनिकांच्या योजनेच्या यादीत तो दवाखाना नव्हता. येताना सहादूंना उलट्या व्हायच्या. बायको भारती शेजारी पिशवी धरून बसायची.

नगरला त्यांच्या बाजूच्या खाटेवर अकोले गावचे कानिफनाथ आवारी असत. रणगाडा चालवलेला माणूस. एका मंगळवारी ते आलेच नाहीत. प्रवास झेपेना म्हणून दोन खेपा चुकल्या आणि अंगात पाणी भरून ते घरीच वारले.

त्यांच्या दहाव्याहून परतल्यावर सहादूंनी अर्ज लिहिला. अकोले-संगमनेर भागातले डायलिसिसवाले माजी सैनिक शोधले. स्वतः धरून अकरा निघाले. सगळ्यांच्या सह्या घेऊन अर्ज योजनेच्या कार्यालयात दिला : संगमनेरचा दवाखाना यादीत घ्या.

महिन्याभरानं अधिकाऱ्यांनी बोलावलं. भारतीही सोबत गेली.

"हवालदारसाहेब, तुम्हाला शौर्यपदक आहे. खास बाब म्हणून तुम्हाला संगमनेरची परवानगी देतोय. हे पत्र."

सहादूंनी ते दोनदा वाचलं. "आन बाकीचे दहा?"

"त्यांचं पुढं बघू."

सहादूंनी पत्र टेबलावर ठेवून परत सरकवलं. "मग माझंबी पुढंच बघा."

बाहेर येताच भारतीचा संयम सुटला. "अवो, हातात आलेलं सोडलंत? रोज मरताना मी बघतीय तुमाला!"

"कानिफनाथनं इचारलं तवा त्यालाबी 'पुढं बघू'च म्हनले हुते."

ती रडली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "त्या धा जनांचे फोन नंबर हायेत का?"

पुढच्या सोमवारी अकराही जण कार्यालयाच्या व्हरांड्यात येऊन बसले. कुणी बायकोच्या आधारानं, कुणी सुनेच्या. सगळ्यांनी बाह्या दुमडल्या होत्या. सुया टोचून टोचून हातांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या.

"इथं बसता येणार नाही," अधिकारी बाहेर येऊन म्हणाले.

"साहेब, उभं ऱ्हायची ताकद यांच्यात न्हाई," भारती म्हणाली. "मंग बसनारच की."

"वरून मंजुरी लागते, ताई. माझ्या हातात नाही."

"फोन तर तुमच्या हातात हाय," सहादू म्हणाले. "लावा वर. आमी कुठं जात न्हाई."

साहेब आत गेले. दुपारी वयस्क सुभेदार गहिनीनाथांना चक्कर आली. त्यांना बाकावर आडवं केलं. ते घरी जायला तयार होईनात. शिपायानं आपणहून पंखा आणून लावला.

चार वाजता पत्र आलं. अकरा नावं, संगमनेर, मुदत सहा महिने.

"सहाच महिने?" सहादूंनी विचारलं.

"नंतर वाढवून घ्यावी लागेल."

"घेऊ. पन तवा अर्ज घेऊन येनार न्हाई. थेट बसायलाच येऊ."

मंगळवारी संगमनेरला डायलिसिस करून सहादू ऊन कलायच्या आत घरी पोचले. पहिल्यांदाच उलटी झाली नाही. भाकरी मोडत होते, तेवढ्यात पाथर्डीहून एका अनोळखी माजी सैनिकाचा फोन आला.

"साळवेसाहेब, आमच्या हिकडं तर कायच सोय न्हाई."

सहादूंनी ताट बाजूला सारलं. "किती जन हायेत तुमी? आधी एका जागी जमा व्हा. मी येतो."