बेबेचा कडीचा डबा

"लंगरमधून डबे भरून नेऊ नयेत" ही पाटी गुरदीश कौरनंच दारावर लावली होती, आणि ती पाळून घेण्याची हौसही तिलाच होती. पंजाबातून शिकायला आलेली पोरं रविवारी गुरुद्वाऱ्याच्या या मोफत पंगतीत पोटभर जेवायची आणि वर दोन दिवसांची बेगमी करून न्यायची, हे कमिटीच्या डोळ्यांवर आलं होतं. कमिटीतले सगळे स्वतः मात्र चांगले गरगरीत होते.

आज तर गुरदीशचा मोठा दिवस. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या, लाकूड कापायच्या सॉ मिलच्या या गावात शंभर वर्षांपूर्वी आलेली पहिली पंजाबी बाई म्हणजे तिची आजी, बेबे ईशर कौर. गुरुद्वाऱ्याच्या लंगर हॉलला आज बेबेचं नाव द्यायचं होतं. बेबेचा पत्र्याचा कडीचा डबा गुरदीशनं माळ्यावरून काढून, चिंचेनं घासून, काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवला होता.

कार्यक्रमाला थोडा अवकाश होता, तेवढ्यात एक मुलगी तावडीत सापडली. अंगात दुकानाचा गणवेश, हातात आइस्क्रीमचा रिकामा प्लास्टिकचा डबा, आणि त्यात डाळ.

"पाटी वाचता येते ना, बेटा? की कॉलेजात तेवढं शिकवत नाहीत?"

"आंटीजी, कामावर जायचंय. बसून जेवले तर बस चुकेल."

"मग हॉटेलात जा. हे गुरूचं घर आहे, पार्सलचं दुकान नव्हे!"

रांगेतले दोघे-चौघे हसले. मुलीनं डबा टेबलावर ठेवला आणि ती निघून गेली.

"भाभी, तुम्हाला विमानतळावर बसवायला हवं," गुरदीशचा दीर जोगासिंग म्हणाला. "एक माणूस आत येणार नाही!"

गुरदीशला ते कौतुकच वाटलं. ओढणी सारखी करून ती माइकपाशी गेली. बेबेची गोष्ट तिला तोंडपाठ होती. प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी ती तिच्याकडून वदवून घेई.

"मिल बंद पडली की बेकार माणसं लंगरला यायची नाहीत," तिनं सुरुवात केली. "हाताला काम नसलेला माणूस पंगतीत बसायला लाजतो. मग माझी बेबे हा डबा भरून त्यांच्या खोल्यांवर जायची. कोण, कुठला, कधी विचारलं नाही. समोरच्याला लाज वाटू नये म्हणून मान वर करून बघायचीसुद्धा नाही. नुसता डबा..."

तिचं लक्ष समोर गेलं. टेबलावर तो आइस्क्रीमचा डबा तसाच होता. डाळीवर साय धरली होती. गुरदीशच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतकी वर्षं आपण ही गोष्ट सांगतोय आणि आपल्याच डोक्यात ती शिरली नाही, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं पेटी उघडली, बेबेचा डबा काढला, डाळ आणि पोळ्या भरल्या आणि ती रस्त्यापलीकडच्या बसथांब्याकडे धावत सुटली. बसला उशीर झाला होता, मुलगी अजून तिथंच होती.

"घे बेटा. माझं चुकलं."

"नको आंटीजी. भूक नाही." मुलीनं दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले. "तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं."

आवाजात राग असता तरी चाललं असतं, पण तो नव्हता. बस आली आणि मुलगी चढून गेली.

गुरदीश भरलेला डबा घेऊन परतली, तर अख्खा हॉल टाळ्या वाजवत उभा.

"वा भाभी!" जोगासिंग ओरडला. "बेबेच डोळ्यांसमोर उभी केलीत! आता फोटोसाठी तो डबा जरा पेटीत ठेवा पाहू."

"तिनं घेतला नाही," गुरदीश म्हणाली.

टाळ्यांत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. दारावरची पाटी तिनं ओढून काढली आणि डबा मांडीवर घेऊन ती तिथंच, चपलांशेजारी बसली. बऱ्याच वेळानं कुणीतरी पुढ्यात आलं आणि पोळीसाठी दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. तिनं पोळी ठेवली. हात कुणाचे होते, ते पाहिलं नाही. बेबे बघायची नाही ती समोरच्याला लाज वाटू नये म्हणून. गुरदीशला मात्र वर बघायला तोंडच उरलं नव्हतं.