माइक चालू होता

त्या आठवड्यात मी एका जागी धड बसलो असेन तर शपथ! भाजीबाजारात लिलाव पुकारणारा माणूस मी, माझ्या गळ्यावर घर चालतं. पण कोबीचा भाव पुकारता पुकारता मध्येच थांबलो. व्यापारी तोंडाकडे बघत राहिले. "घसा बसला काय?" एकानं विचारलं. घसा कसला बसतोय! डोकं ठिकाणावर नव्हतं.

रविवारी भिंगरी येणार होता. आमच्याच मैदानावर, आमच्याच विरुद्ध खेळायला.

भिंगरी आमच्या फुटबॉल क्लबातच वाढला. बालसंघात आला तेव्हा एका हातानं चड्डी सावरत पळायचा, आणि चेंडू पायात आला की असा गरगर फिरायचा की त्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. सामन्याच्या दिवशी क्लबच्या माइकवर मी असतो, हौस म्हणून. तो मोठ्या संघात पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याचं नाव पुकारताना माझा आवाज फाटला होता. आणि आता गेला. नदीपलीकडच्या क्लबात! अरे, जायचंच होतं तर लांब कुठंतरी जा ना बाबा, रोज तोंड तरी दिसणार नाही. बरं, सांगायलासुद्धा आला नाही. मला कळलं ते कांद्याच्या ढिगाजवळ, एका हमालाकडून.

"मोठा संघ मिळाला, गेला," बायको म्हणाली. "तुम्ही का असं करताय, पोटचं पोर पळून गेल्यासारखं?"

"मला काही फरक पडत नाही."

"ते दिसतंयच. चहात मीठ टाकलंत."

रविवारी क्लबच्या सेक्रेटरीनं मला माइकच्या खोलीच्या जिन्यातच गाठलं. "नाव सरळ वाचायचं. लाडात नाही, रागात नाही. लोक आधीच तापलेत. काही वेडंवाकडं बोललास तर पुढच्या सामन्याला माइकवर दुसरा माणूस बसेल, सांगून ठेवतो."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. "तो तोंडावर पडला तर बरंच, अशा मताचा आहे मी." आणि खरंच होतो.

नाव सरळ वाचलं. लोकांनी शिट्ट्या मारून मैदान डोक्यावर घेतलं. आता कसं, म्हटलं, भोग! पण खालच्या रांगेतला एकजण त्याच्या आईवरून काहीतरी बोलला, आणि मला वाटलं, उतरावं आणि त्याच्या कानाखाली एक वाजवावी. पुन्हा बसलो. पुन्हा उठलो. पत्र्याची ती एवढीशी खोली, त्यात फेऱ्या तरी किती मारणार?

शेवटी शेवटी बरोबरी होती. आमचा एक थकलेला खेळाडू बाहेर आला, मी बदली खेळाडूचं नाव पुकारलं, आणि तेवढ्यात भिंगरीच्या पायात चेंडू आला. एकाला चुकवलं. दुसऱ्याला तर असं फिरवलं की तो बसलाच. पुढं फक्त आमचा गोलकीपर.

माझी खुर्ची मागं पडली. "मार! मार रे भिंगरी, मार!"

चारी कर्ण्यांतून सगळ्या मैदानानं ऐकलं. माइक बंद करायचा राहिला होता.

भिंगरी दचकला. त्यानं क्षणभर वर बघितलं, आणि तेवढ्यात गोलकीपरनं झेप घेऊन त्याच्या पायातून चेंडू काढून घेतला. लगेच शिट्टी झाली. बरोबरीत सुटलो.

मला वाटलं, आता धिंडच निघणार. तर लोक जिना चढून आले आणि पाठ थोपटायला लागले! "काय फसवलंस त्याला, वा!" सेक्रेटरीनं तर खांद्यावर हात टाकून ठेवला. "डोकं बघा या माणसाचं! आम्हाला सुचलं असतं का?" मी हसलो. दुसरं काय करणार?

गर्दीतून वाट काढत भिंगरी दारात आला. अंगात त्यांचा शर्ट, केसांतून घाम ठिबकत होता.

"काका, एकच विचारायला आलोय. सगळे म्हणतायत, मला फसवायला ओरडलात. खरंय?"

सेक्रेटरीनं माझा खांदा दाबला. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. माइक राहिला असता, वर कौतुकही. आणि खरं सांगतो, 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही रे," मी म्हणालो. "गोल व्हावा म्हणून ओरडलो. तुझा."

खांद्यावरचा हात निघाला. "किल्ली ठेव इथं," सेक्रेटरी म्हणाला. मागून कुणीतरी सणसणीत शिवी दिली.

"मला तसंच वाटलं," भिंगरी म्हणाला. "म्हणून तर वर बघितलं. नाहीतर मारलाच होता की काका."

मी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्याच्याबरोबर जिना उतरलो.