चौदा पत्रं अडवणारा प्रिंटर

मी पनवेलच्या एका कचेरीतला जुना लेझर प्रिंटर. माझ्या येण्याने सगळ्यात जास्त फायदा कुणाचा होणार होता ते आधी सांगतो: व्यवस्थापक तुळशीराम साहेबांचा. द्रोणागिरीला कंपनीचं नवं गोदाम उभं राहत होतं. भरतीची पत्रं सुबक छापून वेळेत गेली, की साहेबांची मुंबईला बढती ठरलेली. म्हणून १९९६ च्या गणपतीनंतर मी आलो.

मित्रांनो, कचेरीतल्या बाकी संगणकांशी माझं दुसऱ्याच दिवशी जुळलं. ते विंडोजवर चालत. कोपऱ्यातला एक मात्र युनिक्स या वेगळ्याच प्रणालीवर चालणारा, आणि गोदामासाठी ज्यांची मिठागरं गेली त्या घरांची यादी नेमकी त्याच्याच पोटात. घरटी एक नोकरी, असा कंपनीचा शब्द होता. मला विकणाऱ्या माणसाने युनिक्स पाहिलं, चहा संपवला आणि याच्याशी जमायचं नाही म्हणून निघून गेला. उरल्या संगणक सांभाळणाऱ्या वसुंधराताई. सुरुवातीला मी प्रत्येक ओळ आधीची संपली तिथून सुरू करायचो. मजकूर जिना उतरावा तसा तिरपा जाऊन कागदाबाहेर पडायचा. तीन आठवडे ताई पुस्तक उघडून झुंजल्या. ओळी समासाला लागल्या त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आता दगा देऊ नकोस रे बाबा."

खंडेनवमीला दुपारी त्यांनी मुलाखतीला बोलावणारी तेवीस पत्रं एकदम छपाईला सोडली, जावक वहीत तेवीस नावं लिहिली आणि साहेबांना बजावलं, की सगळी निघेपर्यंत याला बंद करू नका. मग त्या रजा घेऊन माहेरी गेल्या. साहेबांना पूजेची घाई. पूजेला बसवलेलं यंत्र थांबलेलंच हवं, ही रीत. नऊ पत्रं निघाली होती. त्यांनी माझं बटण बंद केलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. निघालेली पत्रं टपालात गेली. ती मोजली कुणी नाहीत. पेढे मात्र साहेबांनी मोजून वाटले.

मी उत्तर देत नाही असं पाहून युनिक्सने माझ्याकडची वाट बंद केली. ती कुणी हाताने उघडल्याशिवाय उघडत नाही. दसऱ्यानंतर मला चालू केलं, विंडोजवरून साहेबांचं पत्र झकास निघालं, आणि यंत्र ठणठणीत आहे असं सगळ्यांनी धरलं. चौदा पत्रं तिकडे अडकूनच राहिली.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी गोदू आला. मिठागर गेलेल्यांपैकी. त्याची मुलगी निशा बारावी झालेली, टायपिंग शिकलेली. घराची नोकरी तिच्या नावाने मागितली होती.

"साहेब, आमच्या निशाचा कागद आला नाय. शेजारच्या प्रणितला आला, उद्या बोलवलाय."

"पोस्टमनला विचार."

"त्याला इचारूनच आलो. तो बोलला, कचेरीत जा."

साहेबांनी जावक वही त्याच्यापुढे सरकवली आणि नावावर बोट ठेवलं. "हे बघ. गेलंय."

"वहीतून गेला असंल," गोदू म्हणाला. "गावात आला नाय."

पत्राशिवाय फाटकातून आत घेत नाहीत, एवढंच साहेब म्हणाले. गोदू माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मित्रांनो, मला फक्त सांगितलेलं छापता येतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

ताई मुलाखतीनंतर दोन दिवसांनी परतल्या. त्यांनी बंद वाट उघडणारी एक ओळ टाइप केली आणि चौदा पत्रं एकामागून एक बाहेर आली. निशाच्या पत्रात छापलं होतं, की मूळ प्रमाणपत्रांसह सकाळी दहाला हजर राहावे. तारीख होऊन गेलेल्या परवाची. ताई ते हातात धरून खुर्चीत बसल्या. मग त्यांनी पुन्हा मुलाखती घेण्यासाठी साहेबांची विनवणी केली. पण गैरहजरांची नावं कटली होती. त्यांच्या जागी कळंबोलीच्या ठेकेदाराची माणसं भरली गेली होती. साहेबांनी मुंबईला कळवलं: यंत्रात बिघाड.

मित्रांनो, यंत्राची निगा म्हणजे नुसती माळ घालणं नव्हे. बंद करण्याआधी विचारा, याच्यावर कुणाचं काम चालू आहे? निघालेले कागद मोजा. आणि मिळालं नाही असं कुणी दारात येऊन सांगितलं, तर वही दाखवू नका, उठून बघा.

साहेब बढतीवर मुंबईला गेले. ताईंना लेखी खुलासा द्यावा लागला. बिघाड माझ्या नावावर लागला. आणि किंमत मोजली ती निशाच्या आणि आणखी तेरा घरांनी.